ओहायोतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र: तुमचा स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह कोण?

ओहायोतल्या मराठी मतदारांनो,

सप्रेम नमस्कार.

कोलंबस, क्लीव्हलंड, सिनसिनाटी, डेटन, टोलेडो, कुठल्याही गावच्या मंडळात जा, जेवणाच्या रांगेत राजकारण निघाल्याशिवाय राहत नाही. व्हिसाच्या नियमांचं पुढे काय होणार, वॉशिंग्टनमध्ये कोण कोणावर उखडलाय, मुंबईत कोणता गट कोणाबरोबर गेला, सगळं तोंडपाठ. पण “तुमच्या भागातून इथल्या स्टेटहाउसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात, कोण निवडून गेलंय हो?” असं विचारलं की समोरचा माणूस एकदम रायत्याचं पातेलं शोधायला लागतो.

हे पत्र सगळ्यांना नाही. ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय, मतदार यादीत नाव घातलंय, दर चार वर्षांनी अध्यक्षाच्या निवडणुकीला मत देऊन “मी मतदान केलं”चा स्टिकर छातीवर लावून फोटो टाकलाय, त्यांना आहे. पत्राला निमित्त आहे लॅरी हाउसहोल्डर नावाच्या माणसाचं. ओहायोच्या विधानसभेचे ते दोनदा स्पीकर झाले आणि आता लाचखोरीच्या कटासाठी 20 वर्षांची शिक्षा भोगताहेत. बातमी तुम्ही तेव्हा ऐकली असेल. “इथेही आपल्यासारखंच चालतं” म्हणून सोडूनही दिली असेल. मला ती सोडवत नाही, कारण त्या प्रकरणाचे पैसे तुम्ही आणि मी विजेच्या बिलातून भरले आहेत, आणि पाच वर्षांहून जास्त काळ भरले आहेत.

आधी माणूस कोण ते सांगतो. कोलंबसच्या पूर्वेला टेकड्यांच्या मुलखात पेरी काउंटी आहे. तिथल्या ग्लेनफर्डचे हे शेतकरी, रिपब्लिकन पक्षाचे. 1996 मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि 2001 मध्ये थेट स्पीकर झाले. आपल्याकडे विधानसभेचा अध्यक्ष निदान कागदावर तरी तटस्थ असतो. इथला स्पीकर तसा नाही. तो बहुमताच्या पक्षाचा सरळसरळ धनी असतो. कुठलं विधेयक कुठल्या समितीकडे जाणार, कुठलं कपाटात धूळ खात पडणार, कोणाला समितीचं अध्यक्षपद आणि कोणाला ठेंगा, हे तोच ठरवतो. हाउसहोल्डर यांना ही खुर्ची फार मानवली. 2004 मध्ये आठ वर्षांच्या मर्यादेमुळे ते बाहेर पडले, तेव्हाही निधी गोळा करण्याच्या पद्धतीवरून केंद्रीय तपास सुरू होता. पुढे तो तपास गुन्हा न नोंदवता बंद झाला. मग हे गृहस्थ गावी जाऊन काउंटीचे ऑडिटर झाले. (हिशेब तपासनीस! नियतीलाही विनोदबुद्धी असते.) ओहायोत मर्यादा सलग आठ वर्षांची आहे, त्यामुळे मध्ये खंड पडला की माणूस पुन्हा उभा राहू शकतो. 2016 मध्ये ते पुन्हा निवडून आले, जानेवारी 2017 मध्ये सभागृहात परत बसले, आणि डोळा पहिल्या दिवसापासून त्याच खुर्चीवर होता.

आता दुसरी बाजू. ॲक्रनमध्ये मुख्यालय असलेली फर्स्टएनर्जी ही वीज कंपनी. ओहायो एडिसन, टोलेडो एडिसन आणि क्लीव्हलंडची इल्युमिनेटिंग कंपनी, तिन्ही तिच्याच. तिच्या वीजनिर्मिती करणाऱ्या उपकंपनीकडे ईरी सरोवराच्या काठावर दोन अणुवीज केंद्रं होती, डेव्हिस-बेसी आणि पेरी. खडकांतून काढलेला शेल गॅस आला, गॅसवरची वीज स्वस्त झाली आणि ही केंद्रं कंपनीला परवडेनाशी झाली. मार्च 2018 मध्ये उपकंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

इथे मी थोडा थांबतो, कारण या प्रकरणाबद्दल बोलताना बरेच लोक अणुवीज म्हणजेच लबाडी असा सूर लावतात. मला तो मान्य नाही. ती दोन केंद्रं राज्यातल्या कार्बनमुक्त विजेचा सर्वांत मोठा वाटा देत होती. आजूबाजूच्या शाळांचा खर्च त्यांच्या मालमत्ता करावर चालत होता. कित्येक घरांच्या चुली त्यांच्यावर पेटत होत्या. केंद्रं टिकवायला सार्वजनिक पैसा द्यावा का, हा रास्त प्रश्न आहे, आणि “द्यावा” म्हणणारा माणूस प्रामाणिक असू शकतो. कंपनीने तो प्रश्न चारचौघांत मांडून, हिशेबाच्या वह्या उघड्या करून जिंकायला हवा होता. तिने तो विकत घेतला.

जानेवारी 2017 मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या शपथविधीला हाउसहोल्डर कंपनीच्या खासगी विमानाने वॉशिंग्टनला गेले. फेब्रुवारीत ‘जनरेशन नाउ’ नावाची संस्था नोंदली गेली. अमेरिकेच्या कर कायद्यातल्या 501 सी 4 या कलमाखाली ‘समाजकल्याणा’साठी संस्था काढता येते, आणि तिला देणगी कोणी दिली हे जगाला सांगावं लागत नाही. इथले लोक याला डार्क मनी म्हणतात. मार्चपासून कंपनीकडून दर तिमाहीला अडीच लाख डॉलर या संस्थेत यायला लागले. कागदावर संस्थेचा हाउसहोल्डर यांच्याशी काही संबंध नव्हता. प्रत्यक्षात ती त्यांच्याच माणसांच्या हातात होती आणि त्यांच्याच इशाऱ्यावर चालत होती. संस्थेने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला.

त्या पैशांचं काय केलं, हे मला तुम्हाला सगळ्यांत जास्त सांगायचंय. स्पीकर व्हायला 99 जणांच्या सभागृहात 50 मतं लागतात. ती मिळवायची तर 50 माणसं आपली हवीत, आणि माणसं आपली करण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे प्रायमरी, पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक. मे 2018 च्या प्रायमरीत हाउसहोल्डर यांनी राज्यभर आपले उमेदवार उभे केले. ‘टीम हाउसहोल्डर’ असंच त्यांना म्हणत. जनरेशन नाउचा पैसा त्यांच्या जाहिरातींवर, त्यांच्या विरोधकांची धुलाई करणाऱ्या पत्रकांवर आणि प्रचाराच्या माणसांवर गेला. स्टेट हाउसच्या, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाच्या, प्रायमरीत निकाल काही हजार मतांत लागतो. जो मतदारसंघ एकाच पक्षाकडे झुकलेला आहे तिथे खरी निवडणूक तीच, नोव्हेंबरची फक्त शिक्कामोर्तब करते. आणि त्या दिवशी आपण कुठे असतो? प्रायमरीची तारीख मार्च-मेच्या सुमारास येते. पाडव्याच्या कार्यक्रमाची पत्रिका आपल्या सगळ्यांच्या फोनवर असते, मतदानाची तारीख कोणाच्याही नसते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या लॉबीइस्टांबरोबर, म्हणजे पुढाऱ्यांकडे तिची वकिली करणाऱ्यांबरोबर, एक बैठक झाली. बैठकीला हजर असलेल्या एकाने पुढे गुन्हा कबूल करून न्यायालयात साक्ष दिली. त्याने सांगितल्याप्रमाणे टेबलावरून एक पाकीट हाउसहोल्डर यांच्याकडे सरकवलं गेलं, आणि आत जनरेशन नाउच्या नावाने 4 लाख डॉलरचा चेक होता. तेव्हा ते स्पीकर नव्हते, होण्याच्या तयारीत होते. चेक त्यांच्या नावाने नव्हता, म्हणजे कागदोपत्री देणगी एका समाजकल्याण संस्थेला मिळाली. आपल्याकडे कित्येकदा सूटकेस पोचवली जाते आणि पकडली गेली तर निदान सगळ्यांना कळतं की ती सूटकेस आहे. इथे सगळं पावतीसकट, बँकेतून, वकिलाचा सल्ला घेऊन. म्हणूनच “अमेरिकेत लाच चालत नाही” असं आपल्यातले कित्येक जण छातीठोकपणे सांगत असतात.

7 जानेवारी 2019 रोजी स्पीकरपदाची निवड झाली. 52 विरुद्ध 46. हाउसहोल्डर यांना मिळालेल्या 52 मतांत 26 रिपब्लिकन होते आणि 26 डेमोक्रॅट. पुन्हा वाचा. रिपब्लिकन पक्षातच फूट होती, निम्म्याहून जास्त रिपब्लिकन दुसऱ्याच्या मागे होते, आणि हाउसहोल्डर यांना खुर्चीवर बसवलं ते विरोधी पक्षाने. कामगार संघटनांना त्रास देणारी विधेयकं आणणार नाही अशी अपेक्षा डेमोक्रॅटांना होती. महाराष्ट्रातलं 2019 नंतरचं राजकारण पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण जे लोक मला सांगतात की “आमचं मत ठरलेलं असतं, पक्ष पाहून चिठ्ठी भरतो, बाकी नावं कशाला बघायची”, त्यांनी या आकड्यांकडे जरा निवांत बघावं. दोन्ही पक्षांना डोळे मिटून मत देणारे त्या दिवशी एकाच माणसाच्या मागे उभे होते.

तीन महिन्यांत, एप्रिलमध्ये, हाउस बिल 6 आलं. त्यातली कलमं अशी. 2021 पासून 2027 पर्यंत राज्यातल्या प्रत्येक वीजग्राहकाकडून आकार घ्यायचा, घरगुती ग्राहकाला महिन्याला 85 सेंट, मोठ्या कारखान्याला 2,400 डॉलरपर्यंत. त्यातून वर्षाला 15 कोटी डॉलर अणुकेंद्रांना आणि 2 कोटी सौर प्रकल्पांना. फर्स्टएनर्जीचा ग्राहक नसलात तरी, कोलंबसमध्ये एईपीचे असा किंवा सिनसिनाटीत ड्यूकचे, आकार भरायचाच. सौर-पवन विजेचं राज्याचं लक्ष्य 12.5 टक्क्यांवरून 8.5 टक्क्यांवर आणायचं. वीजबचतीच्या योजना गुंडाळायच्या. फर्स्टएनर्जीच्या वीजवाटप कंपन्यांचं उत्पन्न 2018 च्या पातळीला बांधून द्यायचं, म्हणजे लोकांनी वीज कमी वापरली तरी कंपनीला झळ नाही. शिवाय दोन जुन्या कोळसा केंद्रांसाठी वेगळा आकार, त्याबद्दल पुढे सांगतो. सगळं मिळून पॅकेज 130 कोटी डॉलरचं, अशी त्याची गणना होते.

मतं जुळेनात म्हणून शेवटचं मतदान थोडं पुढे ढकललं गेलं. 23 जुलै 2019 रोजी विधेयक 51 विरुद्ध 38 मतांनी पार पडलं. लागणाऱ्या मतांपेक्षा एकच जास्त. राज्यपाल माइक डिवाइन यांनी त्याच दिवशी सही केली. एकूण 6 कोटी डॉलर ओतून कंपनीच्या पदरात 130 कोटींचा कायदा पडला. असला परतावा दलाल स्ट्रीटवर कोणी देत नाही.

एन्रॉनच्या दिवसांत जे लोक महाराष्ट्रात होते, त्यांना दाभोळचं वीजदराचं गणित आठवत असेल. तेव्हा आपण चौकाचौकांत त्या करारावर भांडलो, युनिटमागे किती रुपये याचा हिशेब रिक्षावाल्यालाही माहीत होता. इथे येऊन तीच माणसं बिल ऑटो-पे ला लावून मोकळी होतात. मीही त्यातलाच.

ओहायोत लोकांना एक हक्क आहे. नवा कायदा पसंत नसेल तर 90 दिवसांत पुरेशा सह्या गोळा करून तो थेट जनमताला टाकता येतो. बिल 6 च्या विरोधकांना 2,65,774 सह्या हव्या होत्या. त्यांच्या अर्जातला कायद्याचा सारांश ॲटर्नी जनरलनी पहिल्या फेरीत परत पाठवला, त्यात मोलाचे दिवस गेले. पुढे जे झालं ते वाचून मलाही, इतकं राजकारण पाहिलेल्या माणसाला, घाम फुटला. सह्या गोळा करणाऱ्यांच्या मागे माणसं लावली. ते जिथे टेबल टाकतील तिथे शेजारी उभं राहून येणाऱ्यांना हुसकायचं. सह्या गोळा करणाऱ्यांना पैसे आणि घरी जायचं विमानाचं तिकीट देऊन काम सोडायला लावायचं. राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाचे माजी अध्यक्ष मॅट बोर्जेस यांनी विरोधी मोहिमेतल्या एका कर्मचाऱ्याला आतली माहिती फोडण्यासाठी 15,000 डॉलर दिले. तो कर्मचारी एफबीआयकडे गेला, नाहीतर यातलं बरंच काही कधी उजेडातही आलं नसतं.

आणि जाहिराती. टीव्हीवर आणि टपालपेटीत एकच धोशा: चीनचं सरकार आपल्या वीजजाळ्यात घुसतंय, सही करू नका, तुमची माहिती परक्यांच्या हातात जाईल. म्हणजे घरगुती बिलातल्या 85 सेंटांवरचा प्रश्न परदेशी माणसाच्या भीतीवर नेऊन ठेवला. ही पत्रकं आपल्याही घरी आली होती. आपण ती जाहिरातींच्या ढिगाबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात टाकली. त्या पत्रकांमधला ‘परका’ चिनी होता म्हणून आपण स्वस्थ बसलो. पुढच्या वेळी कोण असेल हे पैसे देणारा ठरवेल. कंपनीच्या 6 कोटींतला निम्म्याहून जास्त पैसा या सह्या अडवण्यावर खर्च झाला. 21 ऑक्टोबरला मुदत संपली, सह्या कमी पडल्या, कायदा लागू झाला.

21 जुलै 2020 च्या सकाळी एफबीआयने हाउसहोल्डर यांना त्यांच्या शेतावरून अटक केली. ओहायोच्या इतिहासातली बहुधा सर्वांत मोठी लाचखोरी, असं केंद्रीय सरकारी वकिलांनी पत्रकार परिषदेत सांगितलं. डिवाइन यांनी एका दिवशी कायद्याची पाठराखण केली आणि दुसऱ्या दिवशी तो रद्द करा म्हणाले. 30 जुलैला सभागृहाने 90 विरुद्ध 0 मतांनी हाउसहोल्डर यांना स्पीकरपदावरून काढलं. पण आमदारकी राहिली. आणि नोव्हेंबर 2020 मध्ये आरोपपत्र डोक्यावर असताना ते पुन्हा निवडून आले.

“लोक इतके मूर्ख कसे?” हा आपला ठरलेला प्रश्न. त्या मतपत्रिकेवर एकच नाव छापलेलं होतं, त्यांचं. बाकीचे उमेदवार राइट-इन, म्हणजे मतदाराने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. पेरी काउंटीच्या मतदाराला दोष देण्याआधी आपापल्या मतपत्रिकेवर त्या रांगेत किती नावं होती हे कोणी सांगू शकेल का?

16 जून 2021 रोजी सभागृहाने त्यांना 75 विरुद्ध 21 मतांनी बडतर्फ केलं. याआधी ओहायोत असं 1857 मध्ये झालं होतं, आणि तेव्हाच्या सदस्याचा अपराध काय, तर सहकाऱ्याला ठोसा मारला. विरोधात मत देणाऱ्या 21 जणांतल्या काहींचं म्हणणं होतं की खटल्याचा निकाल लागू द्या, मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाला आपण कसं काढायचं. हा युक्तिवाद मी उडवून लावत नाही. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, आणि बहुमताच्या जोरावर सदस्य काढायची चटक लागली तर उद्या ती कोणावरही वापरता येईल. तरीही मी 75 च्या बाजूचा. तोपर्यंत त्यांच्याच दोन साथीदारांनी गुन्हा कबूल केला होता आणि जनरेशन नाउनेही. निकालाची वाट बघण्यासारखं उरलं काय होतं?

जानेवारी 2023 मध्ये सिनसिनाटीत खटला उभा राहिला. हाउसहोल्डर स्वतः साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले की मी फक्त राजकारण केलं, निधी गोळा करणं गुन्हा नाही. सरकारी वकिलांनी बँकेची कागदपत्रं मांडली. सुमारे 5 लाख डॉलर त्यांच्या स्वतःच्या कामी आले होते, क्रेडिट कार्डांची थकबाकी, फ्लोरिडातल्या घराचा खर्च, जुन्या दाव्याची तडजोड. 9 मार्चला ज्युरीने त्यांना आणि बोर्जेसना दोषी ठरवलं. 29 जूनला न्यायाधीश टिमोथी ब्लॅक यांनी हाउसहोल्डरना 20 वर्षं दिली, कायद्याने जास्तीत जास्त तेवढीच देता येत होती. बोर्जेसना 5 वर्षं. मे 2025 मध्ये वरच्या अपील न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. कंपनीने 2021 मध्येच सगळं मान्य करून 23 कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं होतं. राज्याच्या वीज नियामक आयोगावर अध्यक्ष म्हणून जाणाऱ्या गृहस्थांना 43 लाख डॉलर दिल्याचंही तिने त्यात मान्य केलं. त्या गृहस्थांनी आरोप नाकारले, आणि खटला चालण्याआधीच 2024 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता कोळशाच्या केंद्रांकडे येतो. इथवर वाचून वाटेल की खलनायक तुरुंगात गेला, कथा संपली. अणुकेंद्रांचा 85 सेंटांचा आकार न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये, वसुली सुरू व्हायच्या आधीच, थांबवला आणि मार्च 2021 मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. पण बिल 6 चा दुसरा तुकडा तसाच राहिला. ओहायो नदीवर दोन कोळसा केंद्रं आहेत, एक ओहायोत कायगर क्रीक आणि दुसरं क्लिफ्टी क्रीक. दोन्ही 1955 मध्ये सुरू झाली, पाइकटनच्या युरेनियम कारखान्याला वीज पुरवण्यासाठी. तो कारखाना केव्हाच बंद झाला. त्यातलं क्लिफ्टी क्रीक तर ओहायोत नाहीच, इंडियानात आहे. या दोन केंद्रांचा तोटा भरून काढायला जानेवारी 2020 पासून आपल्या प्रत्येकाच्या बिलात महिन्याला दीड डॉलरपर्यंत आकार बसला. दरपत्रकात त्याचं नाव ‘लेगसी जनरेशन रिसोर्स रायडर’. या नावावरून सत्तर वर्षांचं कोळसा केंद्र कोणाच्या डोळ्यांसमोर येईल?

स्पीकर पकडला गेला, आकार चालू. स्पीकर बडतर्फ झाला, आकार चालू. दोषी ठरला, तुरुंगात गेला, आकार चालूच. प्रत्येक अधिवेशनात कोणी ना कोणी तो रद्द करायचं विधेयक मांडत होतं आणि ते समितीत अडकत होतं. तो थांबला ऑगस्ट 2025 मध्ये, हाउस बिल 15 आल्यावर. म्हणजे ज्या सदस्यांनी हाउसहोल्डरच्या विरोधात हात वर केले, त्यांच्यातल्याच अनेकांनी त्यांच्या कायद्याचा हा भाग चार वर्षं सांभाळून ठेवला. हाउसहोल्डरवर मला जेवढा राग आहे, त्याहून जास्त या सभ्य लोकांवर आहे. आणि ते आपल्याच मतदारसंघांतून निवडून गेलेले आहेत.

म्हणून माझ्या मागण्या.

पहिली मंडळांच्या कार्यकारिणीला. दिवाळीच्या कार्यक्रमाला, गणपतीच्या आरतीला आपण स्थानिक पुढाऱ्यांना बोलावतो. शाल, श्रीफळ, दोन मिनिटांचं भाषण, “तुमचं जेवण किती छान असतं”, आणि मग सगळ्यांबरोबर फोटो. हाउसहोल्डरसुद्धा आले असते तर आपण त्यांच्या खांद्यावर शाल घातली असती. बोलवा, जरूर बोलवा, पाहुणचार आपण सोडायचा नाही. पण शाल घालण्याआधी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं ठेवा. स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह असेल तर विचारा की कोळशाच्या आकारावर तुमचं मत कुठे पडलं. 501 सी 4 संस्थांना देणगीदार जाहीर करायला लावणाऱ्या विधेयकाला तुम्ही पाठिंबा द्याल का. मंडळ ना-नफा संस्था आहे, कोणाचा प्रचार करू शकत नाही हे खरं, पण प्रश्न विचारायला कोणी मनाई केलेली नाही.

दुसरी आपल्यातल्या पैसेवाल्यांना. डॉक्टर मंडळी, आयटी कंपन्या काढलेली मंडळी, आता पुढाऱ्यांसाठी निधिसंकलनाची जेवणं घालू लागली आहेत. चांगलंय, इथे राजकारण असंच चालतं. पण चेक कोणाच्या नावाने लिहिता ते बघा. उमेदवाराच्या समितीला दिलेले पैसे जाहीर होतात, त्याच्या सुंदर नावाच्या ‘समाजकल्याण’ संस्थेला दिलेले होत नाहीत. तो माणूस दुसरा पर्याय सुचवत असेल तर का सुचवतोय हे त्यालाच विचारा.

तिसरी सगळ्यांना, आणि हिच्याबद्दलच सबबी सर्वांत जास्त ऐकू येतात. प्रायमरीला मत द्या. “पण त्यासाठी पक्ष जाहीर करावा लागतो, आम्हाला कोणावर शिक्का नको” असं कित्येक जण म्हणतात. ओहायोत आधी कुठे पक्षाची नोंदणी करावी लागत नाही. केंद्रावर जाऊन कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते त्या दिवशी सांगायचं, एवढंच. पुढच्या खेपेला बदलताही येते. आपल्या मतदारसंघात एकाच पक्षाचं चालत असेल तर त्याच पक्षाची मतपत्रिका मागण्यात शहाणपण आहे, विचार जुळोत न जुळोत. सोलन, मेसन, डब्लिन अशा उपनगरांत भारतीयांची घरं आता बोटावर मोजण्यासारखी राहिलेली नाहीत. जिथे निकाल काही हजार मतांत लागतो तिथे ही घरं बाहेर पडली, तर पुढच्या ‘टीम’ला निदान आपलं दार वाजवावं तरी लागेल.

आणि ज्यांना लिहायचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. स्टेटहाउसच्या समितीत कुठल्याही विधेयकावर कोणीही सामान्य माणूस साक्ष देऊ शकतो. वकील लागत नाही, ओळख लागत नाही. साक्षीदाराचा एक फॉर्म भरायचा, निवेदन लेखी पाठवायचं, हवं तर जाऊन वाचायचं. बिल 6 च्या वेळी विरोधात बोलायला लोकांची रीघ लागली होती. तरी ते पास झालं, ठाऊक आहे मला. पण खटल्याच्या वेळी कोणी म्हणू शकलं नाही की आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. वीज-पाण्यासारख्या सेवा, विमा, मालमत्ता कर, शाळांचा निधी, असल्या रटाळ नावांच्या समित्यांतच आपल्या खिशाला कात्री लागते. तिथे टीव्हीचे कॅमेरे नसतात.

या आठवड्यात फक्त एवढं करा. ओहायो विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाका, स्टेट हाउसला कोण आणि स्टेट सिनेटला कोण ही दोन नावं बघा, आणि जानेवारी 2020 पासून त्या कोळशाच्या आकारावर त्यांनी काय केलं हे त्यांच्या ऑफिसला फोन करून विचारा. फोन उचलणारी मुलं साधारण विशीतली असतात, नम्रपणे बोलतात, प्रश्न लिहून घेतात. उत्तर आलं नाही तर पुन्हा फोन करा. काय उत्तर मिळालं ते मंडळाच्या ग्रुपवर टाका. सुप्रभातच्या फुलांच्या खाली ते शोभून दिसेल.

आपला,
फ्रँकलिन काउंटीतला एक मराठी मतदार